दुसरी ओळ धाकटीची

मुलुंड पूर्वेला आमच्या सोसायटीच्या मागे एक छोटा एसी हॉल आहे. सकाळी तिथे योगासनं होतात, दुपारी वाढदिवस होतात आणि दर गुरुवारी संध्याकाळी पाच ते सात आम्ही म्हातारी माणसं कराओके गातो. म्हणजे असं, की गाण्याचं नुसतं म्युझिक वाजतं, त्याला ट्रॅक म्हणायचं. समोरच्या स्क्रीनवर शब्द येतात आणि जो शब्द म्हणायचा तो पांढऱ्याचा पिवळा होतो. माकडालाही जमेल, असं आमचे अध्यक्ष म्हणतात आणि लगेच स्वतः गाऊन दाखवतात.

यंदाच्या वार्षिक कार्यक्रमाला (त्यात नंबरही काढतात) त्यांनी विषय ठेवला: एक संगीतकार, एक गायिका. म्हणजे ‘ती जोडी’. नावं मी लिहीत नाही. आमच्या पिढीत नुसतं ‘ती जोडी’ म्हटलं तरी समोरचा डोळे मिटून मान डोलावतो. प्रत्येकाच्या मनातली जोडी वेगळी असते, पण मान सारखीच डोलते. ती नेमकी कुठली जोडी, यावरून आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन आठवडे मारामारी चालली. एक काका तर रागाने ग्रुप सोडून गेले आणि चहाच्या वेळी परत आले. शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि माझी जोडी निघाली. मी सगळ्यांच्या आधी नाव दिलं, एक गाजलेलं गाणं धरून ठेवलं आणि वर सांगितलं, ‘‘या दोघांची गाणी मी लहानपणापासून गाते. चाळीतल्या स्पर्धेत पहिला नंबर आहे माझा.’’

पहिला नंबर होता हे खरं. माझा होता हे खोटं.

पहिल्या तालमीला मी माईक हातात घेतला. मुखडा झकास झाला. अंतऱ्याची पहिली ओळ तर अशी लागली, की मागच्या रांगेतल्या दोघींनी एकमेकींकडे बघितलं. आणि मग दुसरी ओळ आली. स्क्रीनवर शब्द पिवळे होत गेले आणि मी तोंड मिटून उभी. तिसऱ्या ओळीला पुन्हा जोरात सुरू. चौथीला पुन्हा गप्प.

अध्यक्षांनी ट्रॅक थांबवला. ‘‘वहिनी, काय झालं?’’

‘‘श्वास घेत होते.’’

‘‘अख्खी ओळ?’’

पुन्हा लावला. पुन्हा तेच. शब्द समोर दिसतायत, म्युझिक चालू आहे, आणि दुसरी ओळ आली की माझं तोंड आपोआप बंद होतंय. कुणाला तरी वाट द्यावी तसं. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की हे आजचं नाही. स्वयंपाक करताना गुणगुणते तेव्हाही मी असंच करते: एक ओळ म्हणायची, एक सोडायची. आमचे हे होते तेव्हा त्यांना वाटायचं, की बायकोला दम लागतो. एकदा तर डॉक्टरकडे घेऊन गेले होते.

घरी येऊन नातीला सांगितलं. ती अंधेरीला कुठल्याशा कंपनीत आहे आणि घरून काम असलं की लॅपटॉप घेऊन माझ्याकडे येऊन बसते. तिनं शांतपणे सगळं ऐकलं आणि म्हणाली, ‘‘आजी, तू अर्धीच डाउनलोड झालीयस.’’

तर उरलेली अर्धी कुठे आहे, ते सांगायला मला घाटकोपरला जावं लागेल.

घाटकोपरला आम्ही चाळीत राहायचो. बाबा गिरणीत, आई घरी, मी मोठी आणि माझ्याहून तीन वर्षांनी लहान धाकटी. रेडिओ आमच्याकडे नव्हता. तो शेजारच्या गुजराती काकींकडे, विणलेल्या रुमालाखाली, देवासारखा बसलेला असायचा. रविवारी दुपारी सिनेमाची गाणी लागली की काकी खिडकी उघडायच्या आणि आवाज मोठा करायच्या, आणि आम्ही दोघी बाहेर गॅलरीत वही घेऊन बसायचो. आई आतून ओरडायची, ‘‘गो चेडवांनो, त्या रेडियोत शिरतलात काय आता?’’

आम्हाला गाणी उतरवून घ्यायची होती. पण रेडिओ काही आपल्यासाठी थांबत नाही. एक ओळ लिहीपर्यंत दुसरी निघून जाते. आठवडाभर वाट बघून तेच गाणं पुन्हा लागलं तरी तेच व्हायचं. म्हणून मी एक पद्धत काढली. (सगळ्या पद्धती मीच काढायचे. बाराव्या-तेराव्या वर्षी मला असं वाटायचं की जग माझ्या सूचनांची वाट बघत थांबलंय.) मुखडा दोघींचा, कारण तो परत परत येतो. अंतऱ्याची पहिली आणि तिसरी ओळ मी लिहायची, दुसरी आणि चौथी धाकटीनं. माझी ओळ आली की मी कान टवकारायचे, आणि तिची ओळ चालू असताना मान खाली घालून माझी लिहायचे, विसरायला नको म्हणून तोंडानं पुटपुटत. तेव्हा ती ऐकायची. मग ती पुटपुटत लिहायची आणि मी ऐकायचे. दोन रविवारांत गाणं पुरं व्हायचं. बाबांनी गिरणीतून आणलेली लांबट वही होती. घरात एकच फाउंटन पेन, ते अर्थात माझं. धाकटी पेन्सिलीनं लिहायची.

आता यातली गोम तुमच्या लक्षात आली असेल. माझ्या आली नाही. तिची ओळ वाजायची तेव्हा माझं डोकं वहीत, आणि माझी वाजायची तेव्हा तिचं. म्हणजे त्या जोडीची कितीतरी गाणी आम्हाला पाठ होती, पण दोघींना मिळून. एकटीला एकही नाही.

पहिली ओळ मी का घेतली? तर पहिली म्हणजे पहिला नंबर, इतकं साधं माझं गणित. पण त्या संगीतकाराची एक खोड होती. अंतऱ्याची पहिली ओळ तो सरळ चालवायचा, आपण स्टेशनवरून घरी येतो तशी. दुसऱ्या ओळीत मात्र अचानक कुठल्यातरी गल्लीत वळायचा, आणि ती गायिका त्याच्या मागे इतक्या अलगद वळायची, की वळलो हे आपल्याला पुढच्या ओळीत कळावं. अशा खुबीला गाणारे लोक ‘जागा’ म्हणतात. त्यांच्या गाण्यातल्या सगळ्या जागा दुसऱ्या आणि चौथ्या ओळींत. म्हणजे सगळा मेवा धाकटीला, आणि मी हट्टानं मागून घेतलं काय, तर स्टेशन ते घर.

मी चौदा वर्षांची असताना चाळीच्या गणपतीत गाण्याची स्पर्धा ठेवली. मी नाव देऊन मोकळी झाले. दोन दिवसांनी लक्षात आलं, की आपल्याला अर्धंच गाणं येतं. सरळ धाकटीकडून शिकून घ्यावं, तर अकरा वर्षांच्या पोरीकडून शिकायचं? मी? त्यापेक्षा मी तिला म्हटलं, ‘‘तू पडद्यामागे बस. माझ्या ओळी मी म्हणते, तुझ्या तू म्हण. तेव्हा मी नुसते ओठ हलवीन.’’

‘‘पण हे खोटं ना गं ताई?’’

‘‘खोटं कसं? सिनेमात नट्या काय करतात? प्लेबॅक म्हणतात त्याला.’’

तिनं थोडा विचार केला. ‘‘मग मी पुढे उभी राहते, तू मागे बस.’’

‘‘तुझा फ्रॉक उसवलाय.’’

फ्रॉक तेव्हा उसवलेला नव्हता. पंधरा मिनिटांनी होता. खुंटीवरून काढला, काखेतला टाका ओढला आणि परत लावून ठेवला. मी आता हे लिहिताना हसतेय, पण हसायला मला बरीच वर्षं लागली.

स्टेज म्हणजे फळ्या आणि पडदा म्हणजे दोन चादरी. धाकटी मागे, सतरंज्यांच्या ढिगावर. आमचे आवाज तेव्हा इतके सारखे होते, की आईसुद्धा हाक ऐकून चुकीचं नाव घ्यायची. सगळं ठरल्यासारखं झालं. मी माझ्या ओळी म्हटल्या, तिच्या ओळींना ओठ हलवले, हातवारे केले, डोळेसुद्धा मिटले. दुसऱ्या अंतऱ्यात मात्र तिची ओळ संपता संपता सतरंजीची धूळ तिच्या नाकात गेली आणि पडद्यामागून दणदणीत शिंक आली. मी काय केलं असेल? झटकन रुमाल काढून नाकाला लावला. अशी काही सफाई, की त्यासाठीच वेगळं बक्षीस द्यायला हवं होतं.

परीक्षक आमच्या शाळेतले एक सर होते. ते उठून म्हणाले, ‘‘सर्दी असूनही मुलगी गायली. आणि काय त्या जागा! दुसऱ्या ओळीला तर अंगावर काटा आला.’’

दुसऱ्या ओळीला.

बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला, झाकणाला मूठ असलेला. आईनं दुसऱ्याच दिवशी भांड्यांच्या दुकानात नेऊन त्यावर माझं नाव घालून आणलं, ठिपक्याठिपक्यांचं. धाकटी शेजारी उभी राहून मशीनचा आवाज ऐकत होती. तिनं कुणाला सांगितलं नाही. मीही नाही. तेव्हापासून घरात ठरून गेलं: मोठी गाते, आणि धाकटीला चांगला कान आहे. कान आहे म्हटलं की माणसानं ऐकतच बसायचं. ती बसली. शाळेत नाही, लग्नाकार्यात नाही, बोरिवलीला त्यांच्या भजनी मंडळात गेली तिथेही मागच्या रांगेत टाळ घेऊन. मी मात्र हळदीकुंकवाला गायले, बारशांना गायले, अर्धं अर्धं गायले, आणि दर वेळी मला कुणीतरी पुरं करायला मिळालं. त्या डब्यात गेली साठ वर्षं मी कुळथाचं पीठ ठेवते.

तर तालमीनंतर मी बोरिवलीला फोन लावला. ‘‘अगं, ते आपलं गाणं. दुसरी ओळ कशी जाते ती जरा म्हणून दाखव ना.’’

मग धाकटी म्हणाली, ‘‘साठ वर्षांनी ओळ मागायला फोन केलास? मला वाटलं कुणी गेलं.’’

‘‘कुणी गेलं नाही. माझी इज्जत जायची आहे, पुढच्या महिन्यात.’’

‘‘फोनवर नाही येत तसलं. येते मी.’’

आम्ही दोघी बहिणी एकाच जंगलाच्या दोन बाजूंना राहतो. बोरिवली आणि मुलुंड यांच्या मधे बिबटे असतात, म्हणून माणसांना वळसा घालून यावं लागतं. दोन दिवसांनी ती तो वळसा घालून आली, पिशवीत काकडीचं घरगुती लोणचं आणि ती लांबट वही घेऊन. वही तिच्याकडे होती हेच मला माहीत नव्हतं. उघडली, तर काय सांगू! माझ्या पेनानं लिहिलेल्या ओळी अजून ठळक निळ्या. आणि मधल्या, पेन्सिलीच्या, पुसट होत होत गेलेल्या. अख्ख्या वहीत एक ओळ दिसतेय, एक कोरी, एक दिसतेय, एक कोरी.

नात वाकून बघत होती. म्हणाली, ‘‘आजी, तू तर पानावरसुद्धा एकटीच गातेयस.’’

शब्द काय, फोनवर मिळतात. चाल मिळत नाही. म्हणजे ऐकायला मिळते, गळ्यात येत नाही. धाकटी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी राहिली, पदर खोचला आणि दुसरी ओळ म्हणाली. एकाहत्तर वर्षांची बाई, आवाजाला थोडी खर आलेली. पण ती जिथे वळायला हवी तिथे वळली, आणि वळली हे मला नंतर कळलं. नातीनं कानातलं, इअरफोन म्हणतात ते, काढलं. हल्लीच्या मुलांनी आपण होऊन कानातलं काढणं यापेक्षा मोठी दाद मी तरी पाहिलेली नाही.

मग मी म्हणून बघितलं.

‘‘तायडे,’’ धाकटी म्हणाली, ‘‘तू वळत नाहीस. यू-टर्न मारतेस.’’

दहादा झालं, वीसदा झालं. संध्याकाळपर्यंत नात घरातून निघून गेली आणि खालच्या बाकावर जाऊन बसली. शेवटी धाकटीनं लोणच्याच्या बरणीचं झाकण घट्ट केलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘एक सांगू ताई? मी पुढे उभी राहते. तू पडद्यामागे बस.’’

मी तोंड उघडलं.

‘‘आणि साडी माझी नीट आहे,’’ ती म्हणाली. ‘‘या वेळी मी ब्लाउजची काखसुद्धा तपासून आणलीय.’’

म्हणजे तिला माहीत होतं. साठ वर्षं! टाका आपोआप उसवलेला नाही हे अकरा वर्षांच्या पोरीला तेव्हाच कळलं होतं, आणि ती तरीही सतरंजीवर जाऊन बसली होती.

आता तुम्ही म्हणाल, की मी तिथल्या तिथे तिला मिठी मारली असेल. मी रुसले. कार्यक्रमासाठी मोरपिशी साडी आणली होती, ब्लाउज शिवून आला होता, सगळ्या सोसायटीला सांगून झालं होतं, दोन जुन्या मैत्रिणी घाटकोपरहून यायच्या होत्या. आणि मी पडद्यामागे? स्टुलावर? धाकटीनं वही पिशवीत घातली आणि रिक्षा बघायला गॅलरीत जाऊन उभी राहिली. पाठमोरी. अकराव्या वर्षी मशीनचा आवाज ऐकत उभी होती तशीच.

नात वर आली. तिनं माझं तोंड बघितलं. ‘‘आजी, गुडघे दुखतायत की इगो?’’

‘‘दोन्ही.’’

‘‘गुडघ्याला मलम आहे.’’

मी गॅलरीत गेले आणि धाकटीच्या हातातून पिशवी काढून घेतली. ‘‘मोरपिशी रंग तुला जास्त खुलतो,’’ म्हटलं. ‘‘ब्लाउज आत घ्यावा लागेल. तू हाडांची काडी आहेस.’’

पुढचा प्रश्न अध्यक्षांचा. त्यांनी मंडळाचे नियम टाइप करून ग्रुपवर टाकलेले आहेत. ते म्हणाले, ‘‘नियम सात. फक्त सभासदांनीच गायचं. पाहुण्यांना परवानगी नाही.’’

‘‘पाहुणी कसली? माझंच गाणं आहे ते. अर्धं.’’

‘‘वहिनी, असं अर्धं-बिर्धं नियमात बसत नाही.’’

‘‘बरं. मग मी एकटी गाते. दोन्ही अंतरे.’’

अध्यक्षांनी माझी तालीम ऐकली होती. ते म्हणाले की नियम शेवटी माणसांसाठी असतात.

पडद्यामागे मी कशाला, हे मात्र त्यांना सांगितलं नाही. मी मागे हवीच होते, कारण धाकटीला पहिली आणि तिसरी ओळ येत नव्हती! ती पण माझ्यासारखीच अर्धी. तिच्या घरच्यांना वाटायचं, आई गाणं सारखी मधेच विसरते.

कार्यक्रमाच्या दिवशी हॉल भरला. हॉलला मरून रंगाचा पडदा आहे, त्याच्या मागे वाढदिवसांच्या खुर्च्या एकावर एक रचलेल्या असतात. त्या खुर्च्यांत एका प्लॅस्टिकच्या स्टुलावर मी बसले, हातात दुसरा माईक, अंगावर घरची सुती साडी. पुढे मोरपिशी साडीतली धाकटी. पडद्याच्या फटीतून मला तिची फक्त टाच दिसत होती, आणि ती टाच थरथरत होती.

नातीनं ट्रॅक लावला. सुरुवातीचं म्युझिक वाजलं, मुखडा आला. धाकटी गप्प. म्युझिक पुढे चाललंय आणि टाच थरथरतेय. मुखडा तर दोघींचा, तो तिला येत होता! मी मागून अगदी हळू सुरू केला, गॅलरीत पुटपुटायचे तसा. एक शब्द, दोन शब्द. तिसऱ्या शब्दाला ती आली. टाच थांबली.

अंतऱ्याची पहिली ओळ मी मागून म्हटली. ती ओठ हलवत असणार. दुसरी ओळ तिची. ती वळली, तसा अख्खा हॉल ‘आहाहा’ म्हणाला. माझ्या मैत्रिणीचा आवाज मी ओळखला. त्या ‘आहाहा’साठी मी जन्मभर धडपडले होते. आज तो कुणासाठी आहे हे मला ठाऊक होतं, आणि गंमत म्हणजे मला फार बरं वाटत होतं. मी खुर्च्यांच्या पायांत बसून एकटीच दात काढून हसत होते.

दुसऱ्या अंतऱ्यात माझी ओळ आली आणि त्याच वेळी पडद्याची धूळ माझ्या नाकात गेली. मी नाक दाबलं, डोळे मिटले, देवाचं नाव घेतलं. काही उपयोग झाला नाही. माईक तोंडाजवळच होता. अशी शिंक त्या हॉलमध्ये त्याआधी कुणी दिलेली नसेल.

समोर धाकटी. तिच्या हातात रुमाल होता. आमच्या आईनं लावलेली सवय, दोघींच्या हातात कायम रुमाल असतो. लावला असता नाकाला, तर निभावून गेलं असतं. मी लावला होता.

तिनं नाही लावला. ती हसायला लागली. माईकमधून तिचं हसू सगळीकडे घुमलं, आणि मग ती म्हणाली, ‘‘ताई, ये गं बाहेर.’’

ट्रॅक वाजतच होता. स्क्रीनवर शब्द पिवळे होऊन निघून जात होते. मी उठायला गेले तर गुडघा अडकला, गुडघा सोडवला तर अंबाड्याची पिन पडद्यात अडकली. नात धावत आली, तिनं एका हातानं पडदा ओढला, दुसऱ्यानं मला. मी बाहेर आले ती पिनेसकट, पडद्याचा कोपरा डोक्यावर घेऊन, नवरीसारखी. हॉलमध्ये एकच हशा.

धाकटीनं माझा हात धरला. ‘‘ही माझी मोठी बहीण,’’ ती लोकांना म्हणाली. ‘‘अर्धं गाणं हिचं आहे.’’

इतकं सोपं होतं. एवढ्या दोन वाक्यांचं काम होतं, आणि चौदाव्या वर्षी मला ती सुचली नाहीत; नंतर सुचली तेव्हा म्हटली नाहीत. मी माईक घेतला आणि सगळं सांगून टाकलं. वही, चादरी, सतरंजी, रुमाल, डबा. फ्रॉकचा टाकासुद्धा. धाकटी कोपरानं ढोसत म्हणाली, ‘‘पुरे आता. लोक गाणं ऐकायला आलेत, तुझं पुराण नाही.’’

अध्यक्ष उठले. मला वाटलं, नियम सात. ते म्हणाले, ‘‘ट्रॅक पहिल्यापासून लावा. आणि दुसरा माईक स्टँडवर लावा, जरा उंच, नाहीतर वहिनी वाकतील.’’

आम्ही शेजारी उभ्या राहून गायलो. मुखडा दोघींनी. पहिली ओळ मी. मग दुसरी ओळ आली आणि माझं तोंड नेहमीप्रमाणे मिटलं. पण आज समोर वही नव्हती, हातात पेन नव्हतं, काही लिहून घ्यायचं नव्हतं. मी मान वळवून तिच्याकडे बघत राहिले आणि ती ओळ ऐकली. अख्खी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. गल्लीत कशी वळते, वळल्यावर कुठे क्षणभर थांबते, तिथून परत रस्त्याला कशी लागते. रेडिओवर हजार वेळा लागलेलं गाणं. मी ते पहिल्यांदा त्या दिवशी ऐकलं, असं म्हटलं तरी चालेल. ऐकता ऐकता माझी तिसरी ओळ सुरू करायला विसरले, तर धाकटीनं पाय दिला पायावर.

पहिला नंबर दुसऱ्याच कुणाला मिळाला. अध्यक्षांना मिळाला, खरं तर. परीक्षक त्यांचे साडू होते.

दुसऱ्या दिवशी मी कुळथाचं पीठ बरणीत काढलं, डबा घासला आणि रिक्षा करून भांडीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, ‘‘आजी, हल्ली नावं कोण घालतं?’’ पण मशीन त्याच्याकडे होतं, फळीच्या मागे, फडक्यात गुंडाळलेलं. मी माझ्या नावाखाली धाकटीचं नाव घालून घेतलं, माहेरचं, पेन्सिलीनं लिहायची ते. या वेळी मशीनचा आवाज मी उभी राहून ऐकला.

धाकटी अजून माझ्याकडेच होती. तिनं डबा हातात घेतला, चष्मा वर केला, नावावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, ‘‘माझं नाव खाली का?’’

‘‘दुसरी ओळ तुझी ना!’’

तिला हसू आलं, पण तिनं ते दाबलं. पिशवी उघडली आणि डबा लोणच्याच्या रिकाम्या बरणीशेजारी बसवला.

‘‘अगं, सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे असं ठेवू,’’ मी म्हटलं.

‘‘छे! साठ वर्षं तुझ्याकडे होता. आता साठ वर्षं माझ्याकडे राहू दे.’’

म्हणजे डबा मला एकशे चौतिसाव्या वर्षी परत मिळणार. तोपर्यंत गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायला हवं. बोरिवलीला आणायला कोण जाणार दुसरं?